मोत्याच्या डुलातली आत्या

दिल्लीत नकलेला कोणी कमी लेखत नाही. करोल बागेतला दुकानदार घड्याळ पुढे करून छातीठोकपणे सांगतो, "फर्स्ट कॉपी है, साहब." बूट मागितले तर त्याहूनही वरचा माल बाहेर निघतो. त्याला तो 'मास्टर कॉपी' म्हणतो, आणि ते म्हणताना त्याच्या आवाजात जो आदर असतो तो अस्सल मालाबद्दल बोलताना मी कधी ऐकलेला नाही. अस्सल माल काय, पैसे टाकले की कोणीही आणतो. त्यामुळे नोएडातल्या चित्रकलेच्या वर्गात मास्टरजींनी पहिल्याच दिवशी "सब लोग मास्टर कॉपी करेंगे" असं जाहीर केलं, तेव्हा कोणाचीही भुवई वर गेली नाही. वर्ग भरतो एका सेक्टर मार्केटच्या पहिल्या मजल्यावर. खाली मोबाइलचं दुकान आहे, तिथेही बहुधा कॉपीच विकतात.

तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकायचं तर आधी एखाद्या जुन्या उस्तादाचं चित्र जसंच्या तसं उतरवायचं, ही युरोपातली शेकडो वर्षांची रीत. आमच्या वाट्याला आलं योहानेस व्हर्मीरचं 'गर्ल विथ अ पर्ल इअरिंग'. साधारण 1665 मधलं हे चित्र हेग शहरातल्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. निळा-पिवळा फेटा बांधलेली, कानात मोती घातलेली ती मुलगी मान वळवून आपल्याकडे बघते. ती कोण हे कोणी सांगू शकत नाही. डच लोक अशा चित्राला 'ट्रोनी' म्हणत, म्हणजे कोणा ठरावीक माणसाचं चित्र नव्हे, नुसता एक चेहरा. जगातल्या एवढ्या चित्रांतून मास्टरजींनी हेच का निवडलं असावं? त्यांनी दोन शब्दांत सांगितलं, "हाथ नहीं हैं." हात काढायला शिकण्यात माणसाचं आयुष्य जातं, आणि वर्गाची फी महिन्याची आहे.

सामान आणणं हा या शिक्षणातला सर्वांत आनंदाचा भाग, कारण त्यात चित्र काढावं लागत नाही. ट्यूब घेतल्या त्या दांडेकरांच्या उंटाच्या. 1931 साली गिरगावात शाईपासून सुरू झालेला हा उद्योग दिल्लीच्या फडताळावर दिसला की मराठी माणसाचा जीव सुपाएवढा होतो. दुकानदाराने परदेशी ट्यूब पुढे केली तरी आपण निष्ठा सोडत नाही, आणि तिच्यावरची किंमत वाचल्यावर तर निष्ठा आणखी पक्की होते.

तेल लागतं जवसाचं. दिल्लीत त्याला अलसी म्हणतात आणि थंडीत गूळ-तूप घालून तिच्या पिन्न्या वळून खातात. गॅलरीत बाटली दिसली तेव्हा शेजारच्या आंटींनी मायेने विचारलं, "कोलेस्ट्रॉल?" मी म्हटलं, "नहीं जी, पेंटिंग." त्यांना वाटलं मी लपवतोय. आता लिफ्टमध्ये भेटल्या की त्या बायकोला हळू आवाजात विचारतात, "भाईसाहब कैसे हैं अब?"

तारपिनाचं प्रकरण वेगळं. नोव्हेंबर लागला की दिल्लीकर खिडक्या लावून घेतो आणि हवा शुद्ध करण्याचं यंत्र चालू करून त्याच्यासमोर बसतो. मी तारपिनाचं झाकण उघडलं की आमच्या यंत्राचा हिरवा दिवा थेट लाल होतो आणि आतला पंखा जिवाच्या आकांताने घोंघावू लागतो. एकदा बायको बाहेरचा आकडा मोबाइलवर बघून आली, मग यंत्रावरचा आतला आकडा बघितला आणि निकाल दिला: चित्र आणि चित्रकार, दोघंही गॅलरीत.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. तैलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जात नाही, कारण त्यात पाणी नसतंच. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. (नोव्हेंबरातल्या दिल्लीत प्राणवायूसाठी एवढी स्पर्धा असताना तेलाने वेळ लावला तर नवल नाही.) पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, जाड थराला आठवडे लागतात. म्हणून खालच्या थरांत तेल कमी आणि वरच्या थरांत जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा अजून हलत असतो, आणि चित्राला भेगा पडतात. मास्टरजी हा सगळा सिद्धान्त "पहले दुबला, फिर मोटा" एवढ्यात संपवतात. वर्गातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांना तो ताबडतोब पटला. आमचाही तोच क्रम झालेला होता.

कातडीचा रंग एकदम लावायचा नसतो. आधी सगळा चेहरा हिरवट करड्या रंगात, नुसत्या उजेड-सावलीत रंगवून घ्यायचा. मग त्यावर गुलाबी आणि पिवळ्याचे पातळ थर चढवले की खालचा हिरवा सावल्यांमधून डोकावतो आणि कातडीत जीव येतो. ही इटलीकडची जुनी युक्ती. व्हर्मीर स्वतः तपकिरी-काळ्याचा पाया घाली, पण वर्ग व्हर्मीरचा नाही, मास्टरजींचा आहे. जीव येईपर्यंत मात्र घरात एक हिरवी बाई वस्तीला असते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या दीदी झाडू थांबवून म्हणाल्या, "इनको क्या हुआ?" त्यानंतर रोज स्वतःच जवळ जाऊन तपासायच्या आणि जाता जाता सांगायच्या, "अभी भी ठीक नहीं है." सांगलीहून आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "कोण रे ती? रक्त कमी आहे तिचं."

चित्राची ने-आण मी मेट्रोने करतो. मयूर विहार ते नोएडा, ब्लू लाइन. तारपीन मेट्रोत नेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कॅनव्हास नेऊ देतात, पण तो क्ष-किरणांच्या पट्ट्यावरून गेला पाहिजे. 2018 साली माउरित्सहाउसच्या तज्ज्ञांनी मूळ चित्र भिंतीवरून उतरवून, काचेच्या खोलीत ठेवून, लोकांच्या देखत नाना प्रकारच्या किरणांनी तपासलं. तेव्हा कळलं की मुलीला पापण्यांचे बारीक केस आहेत आणि तिच्यामागची काळी पोकळी मुळात हिरवा पडदा होती. माझं चित्र दर रविवारी क्ष-किरणांखालून जातं, तेही तिकिटाच्या पैशांत. पडद्यासमोरच्या जवानाने एकदाच विचारलं, "अंदर लोहा है?" चौकटीला मारलेल्या चुका होत्या. बाकीच्या चुका त्या यंत्रात दिसत नाहीत.

फेट्याच्या निळ्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्हर्मीरच्या काळी हा अल्ट्रामरीन निळा अफगाणिस्तानच्या खाणीतला लाजवर्द दगड दळून करत. अतिशय महाग. व्हर्मीरने तरीही तो सढळ हाताने वापरला आणि 1675 साली मेला तो कर्ज मागे ठेवून. पुढे 1828 च्या सुमारास फ्रान्समध्ये हाच निळा कृत्रिमरीत्या करता येऊ लागला आणि इतका स्वस्त झाला की आपल्या आज्यांनी तो धोतरांना घातला. कपड्यांना घालायची जुनी पूड नीळ ती हीच. आणि कर्जात मेलेल्या माणसाचं हे चित्र 1881 साली हेगच्या लिलावात विकलं गेलं दोन गिल्डर आणि तीस सेंटांना. तेवढ्यात बहुधा आमच्या मास्टरजींनी एक तासही शिकवलं नसतं.

खरी गंमत सुरू झाली ती कातडी चढल्यावर. समोर एकच छापील चित्र. कॅनव्हास सगळ्यांचे मूळ चित्राच्याच मापाचे, 44.5 बाय 39 सेंटिमीटर. चौकोन आखून, एकेक चौकोन मोजून सगळ्यांनी उतरवलेलं. आणि तरी जितके कॅनव्हास तितक्या बायका. चित्तरंजन पार्कहून येणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या दादांची मुलगी सरळ बंगाली निघाली: डोळे कानापर्यंत पोचू पाहणारे, आणि आता कोणत्याही क्षणी भरून येतील असे. राजौरी गार्डनच्या भाभींची मुलगी खात्यापित्या घरची, गाल भरलेले, फेटा चुणीन् चुणी बसवलेला. फेट्याच्या बाबतीत वर्गाने भाभींनाच प्रमाण मानलं आहे. व्हर्मीरला चुण्या जमल्या नाहीत असं त्यांचं स्पष्ट मत आहे. केरळच्या एका सिस्टर येतात. त्यांच्या मुलीच्या फेट्याखालून एक कुरळी बट बाहेर आली, जी मुळात नाही आणि जी त्यांनी काढलेलीही नाही असं त्या शपथेवर सांगतात. पाटण्याच्या इंजिनियर पोराची मुलगी यूपीएससीच्या तिसऱ्या प्रयत्नाला बसलेली दिसते. डोळ्यांखाली सावली आहे असं तो म्हणतो. आम्हाला ते जागरण वाटतं.

माझी मुलगी माझ्या मिरजेच्या आत्यासारखी दिसते.

सारखी म्हणजे थोडीफार नव्हे. तीच. त्या मान वळवून बघण्यात "आलास? आधी पाय धू" असा स्वच्छ भाव आहे. मूळ मुलीचे ओठ किंचित विलग आहेत, आणि जगभरचे रसिक त्यात गूढ शोधत बसले आहेत. आत्याच्या विलग ओठांत काही गूढ नाही. तिचं बोलणं अजून संपलेलं नाही, एवढंच.

हे कसं होतं ते मास्टरजींनी समजावलं. मूळ चित्रावरची नजर कॅनव्हासवर येईपर्यंत सेकंदभर जातो. तेवढा वेळ ते नाक डोक्यात सांभाळून ठेवावं लागतं, आणि डोक्यात आधीपासून नाकं आहेतच, लहानपणापासून साठवलेली. डच नाक आत शिरतं, त्या गर्दीत हरवतं, आणि ब्रशातून बाहेर पडतं ते मिरजेचं. त्यात व्हर्मीरने आणखी एक खोडी करून ठेवली आहे. नाकाचा उजेडाकडचा काठ आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये त्याने रेघच काढलेली नाही. दोन्ही एकाच रंगात मिसळले आहेत. नाक बघणाऱ्याने आपल्या मनाने पुरवायचं. मी पुरवलं, आणि नाकाच्या बाबतीत आमच्या घराण्यात हात आखडता घेत नाहीत.

डुलाचीही तीच गत. मोती म्हणून जे दिसतं ते म्हणजे पांढऱ्याचे दोन हात: वर उजेडाची ठिणगी आणि खाली पांढऱ्या कॉलरचं मंद प्रतिबिंब. कानात अडकवायची कडीसुद्धा त्याने रंगवलेली नाही. मोती हवेतच आहे. भाभींना हे चाललं नाही. त्यांनी सोन्याचा फासा काढला. "गिर जाएगा," म्हणाल्या. मास्टरजींनी कपाळावर हात मारला. त्यांचा दिवसभर एकच जप असतो, "आंख मत बनाओ, छाया बनाओ," आणि इथे लोक सोनार व्हायला निघालेले.

नकलेत नक्कल करणाऱ्याचं घर शिरतं हे काही नोएडात सुरू झालेलं नाही. अजिंठ्याचंच घ्या. रॉबर्ट गिल आणि पारोची गोष्ट आपल्याला पाठ असते. महानोरांनी त्यावर दीर्घकाव्य लिहिलं, सिनेमाही निघाला. पण मेजरसाहेब तिथे प्रेम करायला आले नव्हते, लेण्यांतल्या चित्रांच्या तैलरंगात नकला करायला आले होते, हे आपण सोयीने विसरतो. 1844 पासून वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्या नकला लंडनला गेल्या, आणि 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूलची मुलं घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले आणि पुन्हा सगळं उतरवलं. त्याही नकला लंडनला गेल्या, आणि त्यातल्याही बऱ्याच 1885 च्या आगीत खाक झाल्या. मूळ चित्रं वटवाघळं, गळकी छतं आणि दीड-दोन हजार पावसाळे सोसून जागेवरच होती. जळाल्या त्या लंडनला पाठवलेल्या नकला. ग्रिफिथ्स यांच्या त्या मुलांत पेस्तनजी बोमनजी होते. उमेदीची वर्षं त्यांनी बोधिसत्त्व उतरवण्यात घालवली, आणि पुढे नाव झालं ते पारशी घरांतल्या माणसांच्या चित्रांनी. म्हणजे शेवटी तेही घरीच आले.

रविवर्म्याला तर नक्कलसुद्धा कोणी सुखाने करू दिली नाही. त्रावणकोरच्या राजवाड्यात थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार आला होता. तो शिकवायला तयार नव्हता. काम करताना लांबून पाहायची तेवढी मुभा त्याने दिली. पोराने पाहून पाहून तैलरंग उचलला, आणि युरोपची विद्या शिकून काय काढलं, तर साडीतली लक्ष्मी, साडीतली सरस्वती. 1894 साली मुंबईत छापखाना काढून त्यांच्या प्रती घरोघर पोचवल्या. आज डोळे मिटले की आपल्यापुढे जी सरस्वती उभी राहते तिचा मूळ गुरू एक युरोपियन होता, हे पूजेच्या वेळी आठवू नये हे बरं.

छापील चित्रात रंगाची जाडी कळत नाही, म्हणून मास्टरजींनी आम्हाला खरा तैलरंग पाहायला जयपूर हाउसला धाडलं. इंडिया गेटजवळचा हा वाडा 1936 सालचा. 1954 पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. रविवर्म्याची चित्रं आहेत, त्यातली चांदण्यात बसलेली बाई मला फार आवडते. मास्टरजींची सूचना होती की चित्र समोरून बघू नका, बाजूने बघा, म्हणजे उजेडात ब्रशाचे उंचवटे दिसतील. त्याप्रमाणे मी भिंतीला गाल लावल्यागत वाकून उभा राहिलो. सुरक्षारक्षक धावत आला. अतिशय अदबीने म्हणाला, "सर, कुछ गिर गया है क्या?" त्याला मी सगळं समजावून सांगितलं. तोही माझ्या शेजारी वाकला. आम्ही दोघांनी बराच वेळ उंचवटे पाहिले.

परतताना मंडी हाउसला उतरलो की त्रिवेणी कला संगमात चहा घ्यायचा. मराठी वाचकांसाठी मुद्दाम सांगतो: 1950 साली ही संस्था कॅनॉट प्लेसमध्ये एका कॉफी हाउसच्या वर सुरू झाली, तेव्हा शिकवायला होते बेळगावचे के. एस. कुलकर्णी, आणि विद्यार्थी होते दोन. संसदेच्या जुन्या इमारतीतल्या मध्यवर्ती सभागृहातलं लोकमान्यांचं तैलचित्र गोपाळ देऊसकरांचं आहे. टिळक गेले तेव्हा देऊसकर शाळकरी वयाचे, म्हणजे लोकमान्य काही त्यांच्यापुढे स्टुलावर बसले नसणार. तेव्हा दिल्लीत मराठी माणसाने ब्रश हातात घेतला तर कोणाला नवल वाटायचं कारण नाही. हे मी घरी अनेकदा सांगितलं आहे.

आत्याला घालवण्यासाठी मास्टरजींनी शेवटी जालीम उपाय सांगितला. छापील चित्र उलटं लावायचं, कॅनव्हासही उलटा लावायचा, आणि नाक, डोळा असं काही मनात न आणता नुसते रंगाचे तुकडे उतरवायचे. उलट्या चेहऱ्यात आपल्या ओळखीचं कोणी राहत नाही. हे अक्षरशः खरं आहे. काही रविवार मी मुलीला डोक्यावर उभी करून रंगवत राहिलो. सुलटं केलं तेव्हा नाक बरंच डच झालेलं होतं, गाल आत गेलेला होता, पाय धुण्याविषयीची आज्ञा नाहीशी झाली होती. मास्टरजी प्रथमच काही बोलले नाहीत, याचा अर्थ वर्गात शाबासकी असा आहे. दीदी म्हणाल्या, "अब ठीक हो गई." आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आधीची बरी होती. ही कोण?"

2023 साली मूळ चित्र काही आठवडे ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनाला गेलं, तेव्हा माउरित्सहाउसने रिकाम्या जागी दाखवायला जगभरच्या लोकांकडून आपापल्या मुली मागवल्या. सुमारे साडेतीन हजार आल्या. निवडलेल्यांत एक एआयकडून करून घेतलेली होती आणि तिच्यावरून मोठी खडाजंगी झाली. मी तिचं छायाचित्र पाहिलं. नाक, डोळे, कातडी, सगळं गुळगुळीत आणि चकचकीत, आणि जन्मात कधी कोणाला न भेटलेलं. यंत्राला आत्या नसते, त्याला ते तरी काय करणार!

आईच्या आग्रहावरून मी पुन्हा थोडा हात फिरवला आहे. पापणी जराशी खाली आणली, नाकाला थोडा उजेड दिला. आता चित्र बैठकीच्या खोलीत आहे, अजून आतून पूर्ण वाळलेलं नाही, त्यामुळे हात लावू नये. मयूर विहारला कधी आलात तर जरूर या. चहा घ्या, चित्र बघा, मोबाइलवर मूळ चित्र काढून शेजारी धरू नका. आणि तुम्ही मिरजेकडचे असाल तर एवढी एकच विनंती आहे: आत्याला सांगू नका. कानातली कुडी काढून लोंबता डूल घातलेला तिला खपणार नाही, आणि फेट्याचं तर मी अजून घरातही कोणाला नीट समजावून सांगू शकलेलो नाही.